बोहारणीच्या गाठोड्यांतील इतिहास



इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्या डोळ्यांपुढें शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि दप्तरें उभीं राहतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत त्यांची वाण नाहीं. सिंदखेडास जाधवांचे वाडे आहेत, लोणारास प्राचीन देवळें आहेत. परंतु इतिहासाचें एक साधन असें आहे कीं तें आपण आपल्याच हातांनीं घराबाहेर काढतों आणि मोबदल्यांत एखादें पातेलें मिळालें म्हणजे समाधान मानतों. बोहारीण दारांतून निघते तेव्हां तिच्या गाठोड्यांत आपल्या घराच्या दोनतीन पिढ्यांची हकीकत बांधलेली असते. त्या गाठोड्यांतील एखादें वस्त्र कोणीं विणलें व केव्हां विणलें हें कसें ओळखावें, एवढाच विषय आज मीं घेतला आहे.

पहिला प्रश्न असा कीं, कापड हातमागाचें कीं गिरणीचें? एके काळीं आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता. मेहकरास कोष्टी व मोमीन विणकरांची मोठी वस्ती होती आणि तेथील धोतरांची ख्याति होती. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोहोंचली. १८७० सालीं लॉर्ड मेयो यांनीं खामगांवची रेल्वेशाखा सुरू केली. ज्या मार्गानें आमचा कापूस मुंबईस व तेथून विलायतेस गेला, त्याच मार्गानें मॅंचेस्टरचें कापड परत आलें. पुढें १८७७ सालीं नागपुरास टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि स्वदेशी गिरणीचें कापडहि बाजारांत दिसूं लागलें. त्यामुळें तुमच्या पेटींतील वस्त्र मेहकरचें, मॅंचेस्टरचें किंवा नागपूरचें असूं शकतें.

कापड उजेडासमोर धरावें. सूत कोठें जाड, कोठें बारीक दिसलें तर तें हातानें कातलेलें असण्याचा संभव अधिक. पण येथेंच घाई नडते. एकोणिसाव्या शतकांतच विणकर गिरणीचें सूत आपल्या मागावर लावूं लागले होते. म्हणून सूत एकसारखें असलें तरी विणकाम हाताचें असूं शकतें. उलट १९२० नंतर खादीची चळवळ घरोघर पोहोंचली, आणि १९२५ सालीं अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. तेव्हां हातसूत दिसलें म्हणून वस्त्र प्राचीन ठरत नाहीं.

दुसरी खूण शिक्क्याची. १८८९ च्या व्यापारी चिन्हांच्या कायद्यानें परदेशी थानावर त्याची लांबी वारांमध्यें इंग्रजी अंकांनीं छापणें आवश्यक झालें, व देशी गिरण्यांच्या थानांसहि तसा नियम लागला. दुसऱ्या महायुद्धांत १९४३ पासून नियंत्रण आलें, तेव्हां कापडावर किंमतीचा शिक्का दिसूं लागला. मीटरचा आंकडा दिसला तर तें कापड दशमान पद्धतीच्या काळांतील, म्हणजे सामान्यतः १९६० च्या आसपासचें किंवा त्यानंतरचें. हे शिक्के दोनचार धुण्यांत जातात. म्हणून पेटीच्या तळाशीं राहिलेलें कोरें कापडच याबाबतींत अधिक बोलकें असतें. परीट मात्र बिब्ब्यानें जी खूण करतो ती कधीं जात नाहीं. पण ती खूण घराची असते, विणकराची नव्हे. कित्येक लोक तिलाच मागवाल्याचें चिन्ह समजतात.

तिसरी खूण रंगाची. वऱ्हाडांत पूर्वीं आल पिकत असे व तिच्या मुळ्यांपासून लाल रंग काढीत. १८५६ सालीं पर्किन नांवाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज तरुणास डांबरापासून जांभळा रंग साधला. १८६८ सालीं जर्मनींत मंजिष्ठाच्या जातीचा लाल रंग रसायनशाळेंत तयार झाला आणि आलीची शेती मागें पडली. १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारांत आली. लक्षांत ठेवावयाचें तें हें कीं, कृत्रिम नीळ व झाडाची नीळ हें मुळांत एकच द्रव्य आहे. नुसत्या डोळ्यांनीं त्यांतील भेद कळत नाहीं. जो कळतो म्हणतो, त्याच्यावर फार विश्वास ठेवूं नये.

चौथी खूण जरीची. खऱ्या जरींत रेशमावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. पदर झिजला कीं आंतून पांढरी चांदी दिसते. खोट्या जरींत तांबडें तांबें दिसतें. जुनी जरीचीं लुगडीं विकत घेणारे लोक ही परीक्षा आपल्यापेक्षां चांगली जाणतात. ते वस्त्र जाळतात, चांदी काढून घेतात आणि राख टाकून देतात.

या राखेविषयीं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं देऊळगांव राजाकडील एका घरीं मला एक शेला दाखविण्यांत आला. तो जाधवांच्या वाड्यांतून आलेला आहे, अशी त्या घरची समजूत होती. मीं तो उलटून पाहिला. कांठाला यंत्राची शिवण होती व एका कोपऱ्यास कृत्रिम रेशमाचें ठिगळ होतें. शिवणयंत्र १८५० च्या सुमारास प्रचारांत आलें व कृत्रिम रेशीम आपल्याकडे त्याच्याहि पुष्कळ नंतर, एवढें मला ठाऊक होतें. मीं मोठ्या ऐटींत सांगितलें, "हा शेला पन्नास वर्षांपलीकडचा नव्हे." मास्तरांचा शब्द म्हणून तो मानला गेला. पुढें जर घेणारा आला आणि शेला त्याच्या हवालीं झाला.

कांहीं वर्षांनीं त्याच घरीं पोथीचें एक बासन पाहिलें. तें त्याच शेल्याच्या फाटक्या टोकाचें होतें. त्यांतील फुलवेल दोन्ही बाजूंनीं सारखी होती. पाठीमागें एकहि सुटा धागा नव्हता. रंगाला रंग मिळे तेथें धागे एकमेकांत गुंतविलेले होते. आणि झिजल्या जागीं पांढरी चांदी चमकत होती. पैठणच्या पद्धतीचें तें हातकाम होतें. शिवण आणि ठिगळ मागाहून, कोणा काटकसरी बाईनें शेला टिकावा म्हणून घातलेलें होतें. मीं दुरुस्तीचें वय शेल्यास लावलें. घरांतल्या आजीबाई एवढेंच म्हणाल्या, "मास्तर, तुम्हीं म्हणालांत म्हणून दिला."

त्यावरून जो नियम शिकलों तो सांगतों. वस्त्रावरील सर्वांत नवी खूण, तें वस्त्र आजच्या रूपांत केव्हां आलें एवढेंच सांगते. मूळ विणकाम केव्हांचें तें सांगत नाहीं. म्हणून कापड, जर, शिवण व ठिगळ यांची परीक्षा निरनिराळी करावी, आणि जेथें पुरावा संपतो तेथें आपणहि थांबावें. तो शेला जाधवांचाच होता असें मीं आजहि म्हणणार नाहीं. नव्हता असें म्हणण्याचा मला अधिकार नव्हता, इतकेंच.

तेव्हां बोहारणीस हांक मारण्यापूर्वीं वस्त्र दोन्ही अंगांनीं पाहा, कोपरे पाहा, आणि घरांतील सर्वांत वृद्ध माणसास तें कोणाचें, कोठून आलें, हें विचारून घ्या. ऐकलेलें एका चिठ्ठीवर लिहा व चिठ्ठी वस्त्रांत ठेवा. त्या पोथीच्या बासनांत मींहि एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर लिहिलें आहे: "हें हाताचें विणकाम आहे. काळ निश्चित नाहीं. यापूर्वीं दिलेला निर्णय चुकीचा होता." खालीं माझी सही आहे.