ब्रह्मविद्या मंदिर, पवनार : धर्मसाधकांच्या परस्पर-अध्ययनाचा एक ऐतिहासिक विचार

महाराष्ट्रात धर्मकार्य करणाऱ्यांचे शिक्षण प्रामुख्याने गुरुगृह, वेदपाठशाळा आणि वारकऱ्यांचे फड यांतून होत आले. 1917 मध्ये जोग महाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन करून त्याला संस्थेचे रूप दिले. तथापि ज्ञान वरून खाली वाहते ही मूळ धारणा तेथेही कायम राहिली. समपदस्थ साधकांनी एकमेकांकडून शिकावे, ही कल्पना आपल्याकडे तुलनेने अपरिचित आहे. अमेरिकेतील प्रॉटेस्टंट पाळकांच्या अशा गटांवर या शतकात बरेच संशोधन झाले, पण त्याचा मोठा भाग पाळकांनी स्वतः भरून दिलेल्या प्रश्नावलींवर उभा आहे. जे उत्साही असतात तेच गटात येतात. मग उत्साह हा गटाचा परिणाम मानावयाचा की कारण, हा प्रश्न उरतोच. हाच प्रश्न इतिहासाच्या साधनाने तपासता येईल असे एक उदाहरण वर्धा जिल्ह्यात आहे. ते म्हणजे धाम नदीकाठचे पवनार येथील ब्रह्मविद्या मंदिर.

येथील भगिनी रूढ अर्थाने पुरोहित नाहीत. त्या यजमानांसाठी विधी करीत नाहीत आणि दक्षिणाही घेत नाहीत. परंतु ब्रह्मचर्य, अध्ययन व उपासना हेच ज्यांचे पूर्णवेळ जीवन आहे, त्यांना धर्मसाधकांच्या वर्गातून वगळण्याचे कारण दिसत नाही.

विनोबा भावे 1921 मध्ये वर्ध्यास आले आणि 1938 पासून पवनारला राहू लागले. 1951 मध्ये भूदानयात्रा सुरू झाली. ब्रह्मविद्येचे मूळ नसेल तर असे आंदोलन वरवरचे ठरेल, ही जाणीव त्यांना पुढे तीव्रतेने झाली आणि 25 मार्च 1959 रोजी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. स्त्रियांना संन्यासमार्ग अगदीच नवा होता असे नाही. महानुभाव व जैन परंपरांत तो शतकानुशतके होता, आणि 1954 मध्ये श्री सारदा मठही स्थापन झाला होता. मात्र जैन श्वेतांबर परंपरेत ज्येष्ठ साध्वीनेही कनिष्ठ साधूस वंदन करावयाचे असते, आणि सारदा मठात अध्यक्षपद आहे. पवनारचे वेगळेपण असे की येथे प्रमुखच नेमला गेला नाही. निर्णय सर्वानुमतीने व्हावेत, एकीचाही विरोध असेल तर थांबावे, असा संकेत ठरला. युरोपातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीतही मठाधिपतीने सर्वांचा, अगदी तरुणांचाही सल्ला घ्यावा असे सांगितले आहे; पण तेथे अंतिम निर्णय मठाधिपतीचाच. हा फरक लहान नाही.

परस्पर-अध्ययन म्हणजे केवळ ग्रंथचर्चा नव्हे, हे येथील दिनक्रमावरून कळते. पहाटे ईशावास्य आणि दिवसा विष्णुसहस्रनाम हे सामूहिक पठण. त्यासोबत शेती, स्वयंपाक, झाडलोट ही कामेही भगिनींनी वाटून घेतलेली. ‘मैत्री’ हे हिंदी मासिक 1964 पासून येथून निघू लागले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम भगिनी स्वतः शिकल्या. माझ्या मते या छापखान्याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. वाचलेला मजकूर अक्षर-अक्षर जुळवावा लागतो आणि दुसरीने तो तपासावा लागतो, तेव्हा अध्ययन व श्रम यांतील भेद आपोआप पुसट होतो. (शेत खणताना येथे सापडलेली भरत-राम भेटीची मूर्ती सर्वश्रुत आहे; गावाच्या वाकाटककालीन वारशाचा विचार मात्र येथे प्रस्तुत नाही.)

परिणामांच्या दृष्टीने या संस्थेच्या इतिहासाचे तीन कालखंड पाडता येतात. स्थापनेच्या वेळी संस्थापक स्वतः पदयात्रेत होते, आणि पहिल्या दशकात त्यांचा पवनारचा मुक्काम अधूनमधूनच घडला. समूहाला आपापसांत शिकण्यावाचून गत्यंतर नव्हते. 1970 मध्ये क्षेत्रसंन्यास घेऊन विनोबा येथेच स्थिरावले, आणि खरी कसोटी बहुधा याच काळात लागली. एवढा अधिकारी पुरुष अंगणात बसलेला असताना शंका घेऊन सहसाधिकेकडे कोण जाईल? गुरुपद नाकारणाऱ्याभोवतीही गुरुपद तयार होतेच. तिसरा कालखंड 15 नोव्हेंबर 1982 रोजी विनोबांच्या देहत्यागानंतर सुरू होतो. अनेक मठांत गादीचा वाद न्यायालयापर्यंत जातो. पवनारला गादीच नव्हती, त्यामुळे वारसाचा प्रश्नही नव्हता. संस्थापकाच्या पश्चात चार दशकांहून अधिक काळ समूह टिकला, हे केवळ व्यक्तिप्रभावाने समजावून सांगता येत नाही. पहिल्या दशकात जडलेली परस्परावलंबनाची सवय हे त्याचे अधिक पटणारे कारण वाटते.

तरीही टिकणे आणि वाढणे या भिन्न गोष्टी आहेत. भगिनींची वये वाढत गेली आणि नव्याने येणाऱ्या थोड्याच राहिल्या. एकमत होईपर्यंत थांबण्याची रीत वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्यांना साधते, पण नवागत तरुणीला ती किती मोकळीक देते, याचे उत्तर संस्थेच्या प्रकाशनांतून मिळणार नाही. त्यासाठी आज हयात असलेल्या भगिनींच्या, आणि तितक्याच अगत्याने येथे काही काळ राहून निघून गेलेल्यांच्याही, मौखिक आठवणी नोंदविल्या पाहिजेत. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम अंतराने जवळ आहे, आणि त्यासाठी हाताशी असलेला काळ मर्यादित आहे.