रिअल स्टील

रिअल स्टील : यंत्रमानवांच्या मुष्टियुद्धावरील अमेरिकन चित्रपट (२०११). दिग्दर्शक शॉन लेव्ही, पटकथा जॉन गेटिन्स. कार्यकारी निर्मात्यांत स्टीव्हन स्पीलबर्ग व रॉबर्ट झेमेकिस.

मूळ कथा : रिचर्ड मॅथेसन यांची ‘स्टील’ (१९५६). तिच्यावर ‘द ट्वायलाइट झोन’ या दूरचित्रवाणी मालिकेचा एक भाग १९६३ मध्ये आला. त्यात ली मार्विन होते. मॅथेसन यांच्या कथेत ना मुलगा आहे, ना विजय. यंत्र बिघडते, तेव्हा मालक स्वतःच यंत्राचे सोंग घेऊन रिंगणात उतरतो आणि बेदम मार खातो. चित्रपटाने माणसांच्या जागी आलेली यंत्रे आणि कफल्लक मालक एवढेच उचलले. बाप-लेकाची गोष्ट बाहेरची.

कथानक : काळ २०२०. कर्जात बुडालेला माजी मुष्टियोद्धा चार्ली (ह्यू जॅकमन) पैशाच्या बदल्यात मुलाचा ताबा सोडायला तयार होतो. अकरा वर्षांच्या मॅक्सला (डकोटा गोयो) भंगारात ‘ॲटम’ हा जुना सराव-यंत्रमानव सापडतो. समोरच्याची हालचाल जशीच्या तशी उचलणे हे त्याचे वैशिष्ट्य. अखेरच्या लढतीत आवाजाने चालणारी यंत्रणा निकामी होते आणि चार्ली दोरांबाहेर उभा राहून हवेत ठोसे मारतो, तेच ॲटम आत मारतो. गुणांवर प्रतिस्पर्धी यंत्रमानव झ्यूस जिंकतो. ॲटमला जाणीव आहे की नाही, हे चित्रपट संदिग्ध ठेवतो.

दृश्यप्रभाव : चित्रपटाचे खरे महत्त्व येथे आहे. लेगसी इफेक्ट्सने पूर्ण आकाराचे यंत्रमानव प्रत्यक्ष बांधले, त्यामुळे बालनटाला संवाद बोलायला समोर काहीतरी होते. मॅक्स-ॲटम प्रसंगांतील जिव्हाळ्याचे निम्मे श्रेय या सांगाड्यांना द्यावे लागेल. लढती मात्र संगणकीय (डिजिटल डोमेन). त्या आधी माणसांकडून लढवून त्यांच्या हालचाली टिपल्या गेल्या. नंतर चित्रीकरणस्थळी रिंगण रिकामे असे, पण छायाचित्रकाराला कॅमेऱ्याच्या पडद्यावर यंत्रमानव लढताना दिसत. ‘अवतार’साठी (२००९) विकसित झालेले हे तंत्र येथे स्टुडिओबाहेर आणले गेले. ठोशांची आखणी माजी जगज्जेते शुगर रे लेनर्ड यांच्या सल्ल्याने झाली.

चित्रीकरण : मिशिगन, मुख्यतः डेट्रॉइट परिसर.

संगीत : डॅनी एल्फमन.

प्रतिसाद : खर्च सुमारे ११ कोटी डॉलर, जगभरातील उत्पन्न सुमारे ३० कोटी. कथा ‘रॉकी’च्या (१९७६) वळणाची असल्याची टीका झाली; ती सर्वस्वी गैरलागू नाही. दृश्यप्रभावांसाठी ऑस्कर नामांकन मिळाले, पुरस्कार ‘ह्यूगो’ला गेला.