देवीच्या बैठकीखालचा अशोक

पंढरपूरवरून येणारी आपली भीमा पुढं कर्नाटकात सन्नती गावाजवळून वाहते. तिथल्या चंद्रलांबा मंदिराच्या आवारात १९८६ साली कालीमातेच्या देवळाचं छत कोसळलं, मूर्ती भंगली. बघतात तर मूर्तीखालची शिळा म्हणजे सम्राट अशोकाचा शिलालेख! मूर्ती बसवण्यासाठी शिळेला मधोमध भोक पाडलेलं; तेवढी अक्षरं कायमची गेली. उरलेल्यात बाराव्या लेखाचा शेवटचा भाग आहे. दुसऱ्याच्या पंथाचाही मान राखा, असं सांगणारा हाच तो लेख.

जवळच कनगनहळ्ळीच्या स्तूपात राजा-राणीचं शिल्प सापडलं. त्यावर ब्राह्मी लिपीत नाव कोरलंय, 'राया असोको'. शिल्प अशोकानंतर काही शतकांनी घडवलेलं, त्यामुळं चेहरा हुबेहूब असेल असं आम्ही म्हणणार नाही. पण नाव वाचून आम्ही हरखलो.