नाण्यावरच्या बादशहाला घातला शत्रूचा टोप! फ्रान्समधल्या ‘सेदान’ नाण्यांची गोष्ट

नाण्यावर राजाचं तोंड छापतात ते मान म्हणून. फ्रान्समध्ये मात्र १८७० साली लोकांनी त्याच तोंडाची पार फजिती करून टाकली. अशी कोरलेली नाणी जगभरातले संग्राहक आजही शोधत असतात.

बादशहा तिसरा नेपोलियन याने जुलै १८७० मध्ये प्रशिया या जर्मन राज्याशी युद्ध पुकारलं. दीड महिन्यातच सेदान या गावाजवळ त्याची फौज कोंडीत सापडली आणि २ सप्टेंबरला तो स्वतः सैन्यासह शरण गेला. पोरं लढायला पाठवलेल्या घरांत काय संताप झाला असेल, हे सांगायला नको. दोनच दिवसांत पॅरिसमध्ये बादशाही संपल्याचं जाहीर झालं.

बादशहा गेला, पण त्याचं तोंड लोकांच्या खिशातच राहिलं. ५ आणि १० सेंटिमची कांस्य नाणी म्हणजे रोजच्या व्यवहारातली चिल्लर. १० सेंटिमचं नाणं ३० मिलिमीटर रुंद, वजन १० ग्रॅम, म्हणजे कोरायला जागा भरपूर. कारागिरांनी बादशहाच्या डोक्यावर प्रशियन शिपायाचा टोकदार टोप चढवला, तोंडात सिगार दिली, गळ्यात पट्टा घालून त्यावर ‘सेदान’ लिहिलं. कुठे ‘८०,००० कैदी’ असा हिशेबही मांडला. मागच्या बाजूच्या गरुडाचं घुबड झालं. काही नाण्यांवर २ डिसेंबर १८५१ आणि २ सप्टेंबर १८७० या दोन तारखा दिसतात. पहिल्या तारखेला त्याने बंड करून सत्ता बळकावली, दुसरीला गमावली. वर्तमानपत्र न वाचणाऱ्यालाही कळेल अशी ही टिंगल होती.

संग्राहक यात दोन प्रकार मानतात. एक, खऱ्या नाण्यावर हाताने कोरलेलं. यातली दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. दुसरा, टिंगलीसाठी मुद्दाम नवा साचा बनवून पाडलेले बिल्ले. ते एकसारखे असतात. हाताच्या कामाची मजा साच्याला नाही, हे खरंच.

फसवाफसवी इथेही आहे. जुन्या साध्या नाण्यावर आज कोरून विकणारे असतात. नाणं झिजलेलं, पण कोरीव रेघा धारदार आणि आतून चकचकीत दिसल्या तर शंका घ्यावी. जुनी रेघ नाण्याबरोबरच झिजते आणि काळवंडते. म्हणूनच जुनं नाणं चिंच लावून घासू नये. काळपटपणा गेला की ओळख गेली आणि किंमतही.

आपल्याकडेही मोबाइलवर ‘जुनं नाणं विका, लाखो मिळवा’ असे मेसेज फिरतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच स्पष्ट केलं आहे, की बँक असा व्यवहार करत नाही आणि त्यासाठी कसलं शुल्क किंवा कमिशनही मागत नाही.