काळ्या रेघेतले मनोरे

विरारच्या मनवेलपाड्यातून वसईच्या किल्ल्यात जायला लोकलची दोन स्टेशने आणि पुढे रिक्षा किंवा बस. किल्ल्यात सेंट जोसेफचा मनोरा आहे, जेझुइटांच्या चर्चचा खांबांचा दर्शनी भाग आहे. छपरे कधीच गेली. 1534 पासूनची पोर्तुगीज सत्ता 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी संपवली. गोव्यात मात्र ती टिकली, चर्चही नांदती राहिली, आणि त्यांच्या सावलीत वाढलेल्या एका मुलाने ती आधुनिक चित्रकलेत आणली.

फ्रान्सिस न्यूटन सूझा 1924 मध्ये बार्देशातल्या साळगावात जन्मले. आधी नुसतेच न्यूटन. देवीच्या आजारातून पोर वाचले म्हणून आईने गोंयच्या सायबाचे, सेंट फ्रान्सिस झेवियरचे नाव जोडले. गोव्यातली बहुतेक जुनी चर्च रुंद, भारदस्त. साळगावचे 1873 चे ‘माय दे देउश’ मात्र गॉथिक, टोकदार सुळक्यांचे. सूझांच्या चित्रांत घरांच्या गर्दीतून आभाळात घुसणारे मनोरे पाहताना युरोपइतकेच साळगावही आठवायला हवे.

ते जे. जे. स्कूलमधून ‘छोडो भारत’च्या वातावरणात काढले गेले, 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत पुढे राहिले, 1949 मध्ये लंडनला गेले. धर्ममतांनी नव्हे, तर चर्चच्या भव्य वास्तूने आणि उपासनेच्या थाटाने आपल्याला झपाटले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. हे चित्रांतही दिसते. त्यांची जाड काळी रेघ चर्चच्या रंगीत काचा धरणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांसारखी आहे. रंग तिच्यात कोंडले जातात. मनोरे कलतात, घरे एकमेकांवर रेलतात. शांती शोधणाऱ्याने इकडे फिरकू नये. इथे पवित्र म्हणजे दरारा, आणि 1959 च्या ‘क्रुसिफिक्शन’मधला काटेरी ख्रिस्त याच घरातला.

ग्रुपमधले सोबती सय्यद हैदर रझा यांची वाट निराळी. नागपूर, मग जे. जे., आणि 1950 मध्ये फ्रान्स. तिथल्या खेड्यांतली चर्च त्यांनीही रंगवली, पण पुढे भिंती रंगात विरघळल्या, इमारत गळून गेली आणि 1980 च्या सुमारास बिंदू आला. हे ध्यानाच्या जवळचे, म्हणून घरातल्या भिंतीवर लावायला सोपेही. सूझांचा एखादा मनोरा मात्र दिवाणखान्यात टांगला, तर पाहुण्यांना चहा गोड लागेलच याची खात्री नाही.