कैसरियाचं दार, इ.स. 375

तुम्ही कैसरियाच्या वेशीबाहेर उभे आहात. तुर्कस्तानातलं आजचं कायसेरी ते हेच. समोर अर्गायस पर्वत, माथ्यावर बर्फ. रस्त्याच्या कडेला बिशप बेसिलने वसवलेली नवी वस्ती दिसते: आजाऱ्यांच्या खोल्या, वाटसरूंसाठी निवारा, वैद्य, कारागीर. गावाने हाकलून दिलेले महारोगी इथे राहतात आणि बिशप स्वतः त्यांना कवेत घेतो.

तुम्ही ज्या साम्राज्यात आला आहात तिथे जन्मलेलं मूल ठेवायचं की टाकायचं, हे पिढ्यान् पिढ्या बाप ठरवत आला आहे. तान्ह्या बाळाला मारणाऱ्याला देहान्ताची शिक्षा, असा कायदा सम्राट व्हॅलेंटिनियनने काढला तो गेल्याच वर्षी. पण नुसत्या कायद्याने मूल वाचत नाही, त्याला उचलून घेणारं कुणीतरी लागतं. काही वर्षांपूर्वीच्या दुष्काळात बेसिलच्या थोरल्या बहिणीने, मॅक्रिनाने, रस्त्यावर टाकलेल्या मुली उचलून आणल्या आणि वाढवल्या. गर्भातल्या जिवाची किंमत सांगणाऱ्या कुणाचंही बोलणं मी ऐकतो, ते या बाईला डोळ्यांसमोर ठेवून.

आता बिशपच्या खोलीत या. यकृताच्या दुखण्याने बेसिल खंगला आहे. इकोनियमचा तरुण बिशप अँफिलोकियस प्रश्नांमागून प्रश्न पाठवतो आणि हा उत्तरं लिहितो. गेल्या वर्षीच्या पत्राची नक्कल पुढे ओढा. गर्भ पाडणं म्हणजे खून, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. गर्भाला आकार आला होता की नव्हता, हा कीस बेसिल काढत नाही. औषध देणाराही त्याच्या लेखी तितकाच दोषी.

शब्द कठोर आहेत. पण पत्र खाली ठेवू नका, पुढची ओळ वाचा. त्या बाईने स्वतःच्याही जिवावर घाला घातला, असं तो म्हणतो, कारण अशा प्रयत्नात बायका बहुतेकदा मरतात. मंडळीने कैवार घ्यायचा तो फक्त बाळाचा नाही, तिचाही. आणि तिला मरेपर्यंत प्रभुभोजनाबाहेर ठेवायचं नाही. दहा वर्षं पुरेत. तेही, बरं होणं वर्षांवर मोजू नका, पश्चात्ताप कसा आहे ते बघा, असं बजावून. स्पेनमधल्या एल्विराच्या धर्मसभेने व्यभिचारातून राहिलेलं मूल मारणाऱ्या बाईला मरतानाही प्रभुभोजन नाकारलं होतं. 314 साली अँकिराच्या सभेने जन्मभराची शिक्षा दहा वर्षांवर आणली. बेसिल त्याच वाटेने जातो, आणि उपचाराची भाषा बोलतो.

दहा वर्षं मला फार वाटतात. तुम्हालाही वाटतील.

आता चर्चमध्ये चला. दाराबाहेर प्रायश्चित्त भोगणारे काही जण रडत उभे आहेत, आत जाणाऱ्यांच्या वस्त्राला हात लावून 'आमच्यासाठी प्रार्थना करा' म्हणतात. त्यांना ओलांडून आत या. तुमच्या शेजारी एक बाई शेवटपर्यंत प्रार्थनेत उभी राहते, पण प्रभुभोजनाला पुढे जात नाही. का, ते तुम्हाला कळणार नाही, आणि कळू नये म्हणूनच ती इथे आहे. यंदाच्या पत्रात बेसिलने लिहिलं आहे की व्यभिचार कबूल करणाऱ्या बायकांना चारचौघांत उघडं पाडू नका. बोभाटा झाला तर त्या जिवानिशी जातील. त्यांना प्रभुभोजनाविना, पण इतरांच्या बरोबरीने उभं राहू द्या. घरी नवरा आहे, सासरा आहे, हे या बिशपला पक्कं ठाऊक आहे.

गर्भ पाडणाऱ्या बाईवर ती वेळ आणणारा पुरुष कुठे उभा आहे? शोधू नका. गर्भपाताच्या नियमात तो नाहीच. नवराबायकोने एकमेकांना सोडण्याबाबत प्रभूचं वचन दोघांना सारखंच लागू आहे, रूढी मात्र तशी नाही, हे बेसिलने गेल्या वर्षीच्या त्याच पत्रात स्वतःच्या हाताने मान्य केलं आहे. आणि रूढी तशीच राहू दिली आहे.