प्रतिकारशक्तीची न्यूनता

जिवाणू, विषाणू व बुरशी यांचा प्रतिकार करणारी शरीरयंत्रणा अपुरी असणे किंवा निकामी होणे, यास प्रतिकारशक्तीची न्यूनता म्हणतात. तिचे प्राथमिक व दुय्यम असे दोन प्रकार आहेत. येथे 'प्राथमिक' याचा अर्थ 'सुरुवातीची' किंवा 'सौम्य' असा नव्हे. मूळ दोष प्रतिकारयंत्रणेतच, बहुधा जनुकांत, आहे एवढेच त्यातून सूचित होते.

== प्राथमिक न्यूनता ==
१९५२ मध्ये अमेरिकी डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांनी वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या एका मुलाच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसल्याचे दाखवले. आता असे चारशेहून अधिक विकार ज्ञात आहेत. त्यांपैकी 'तीव्र संयुक्त न्यूनता' सर्वांत घातक होय. आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांमुळे बाळ प्रथम निरोगी भासते. पुढे तोंडात बुरशी, न थांबणारे जुलाब, न्यूमोनिया व वजन न वाढणे ही लक्षणे दिसू लागतात. उपचार न झाल्यास बहुतेक बाळे पहिल्या एक-दोन वर्षांतच दगावतात. भारतात जन्मतःच दिली जाणारी बीसीजी लस जिवंत जंतूंची असते. निरोगी बाळास ती उपकारक, परंतु अशा बाळाच्या शरीरात तिचेच जंतू सर्वत्र पसरू शकतात. म्हणून घरात पूर्वी एखादे मूल तान्हेपणी संसर्गाने गेले असल्यास लसीकरणापूर्वीच डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक ठरते.

यांतील अनेक विकार आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यास होतात. त्यामुळे महाराष्ट्रातील काही समाजांत रूढ असलेल्या मामाच्या मुलीशी विवाहासारख्या नात्यातील विवाहांत धोका वाढतो.

मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत या विकारांचे निदान व संशोधन होते. प्रतिपिंडांची उणीव असल्यास दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. तीव्र संयुक्त न्यूनतेत प्रामुख्याने अस्थिमज्जा प्रत्यारोपण करतात. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात या विकाराचा समावेश आहे.

== दुय्यम न्यूनता ==
ही जन्मानंतर येते आणि कितीतरी अधिक आढळते. कुपोषण हे जगभरातील तिचे प्रमुख कारण. एचआयव्ही, मधुमेह, स्टेरॉइडे व कर्करोगावरील औषधे ही इतर कारणे होत. सीबीडी बेलापूरलगतच्या खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत अस्थिमज्जा प्रत्यारोपण होते. तेथील रुग्णांची प्रतिकारशक्ती उपचारांमुळेच काही काळ जवळजवळ नाहीशी होते. २०२१ मध्ये महाराष्ट्रात कोविडनंतर पसरलेला म्युकरमायकोसिस मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असलेल्या व स्टेरॉइडे घेतलेल्या रुग्णांत दिसला.

मूळ कारण दूर झाल्यास दुय्यम न्यूनता बहुधा भरून निघते. एचआयव्हीचा विषाणू शरीरातून जात नाही. मात्र एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळणारी औषधे नियमित घेतल्यास पेशींची संख्या पुन्हा वाढते.